विश्लेषण : वर्कशॉपचा जड बेंच हलवता यावा, पण काम करताना हलू नये, हे जमवायचे कसे?

पुण्यातील भोसरी, नाशिकचे सातपूर-अंबड किंवा कोल्हापूरचे उद्यमनगर. कोणत्याही छोट्या गाळ्यात संध्याकाळी गेलात तर एक कसरत हमखास दिसते. दिवसभर ज्या जागेवर बेंच मांडून फिटिंगचे किंवा वेल्डिंगचे काम चालते, त्याच जागेवर रात्री टेम्पो, दुचाकी किंवा तयार माल ठेवायचा असतो. मग दोन-चार जण मिळून बेंच ओढतात. फरशीवर ओरखडे उठतात, कुणाची कंबर धरते, कधी पायाचे बोट सापडते. घराच्या पार्किंगमध्ये किंवा मागच्या शेडमध्ये लाकूडकाम करणाऱ्या हौशी मंडळींचीही अडचण हीच आहे.

चाके लावली की प्रश्न मिटेल, असे वाटते. पण दुसऱ्याच दिवशी व्हाइसमध्ये जॉब पकडून कानस मारायला घेतली की जॉबसकट बेंचच पुढे सरकू लागतो. म्हणजे बेंच हलवताना हलका वाटला पाहिजे आणि काम करताना जमिनीत रोवल्यासारखा उभा राहिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच बेंचमध्ये कशा आणायच्या? त्यामागचे गणित आणि व्यवहारात चालणारे उपाय समजून घेऊ.

बेंच जड का असावा लागतो?

इंजिनीअरिंग किंवा आयटीआयच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये 'जॉब' केलेल्या प्रत्येकाला हे माहीत असते. कानस, करवत किंवा रंधा चालवताना आपण जॉबला आडवे ढकलत असतो. हा जोर जॉबमधून व्हाइसमध्ये, व्हाइसमधून बेंचमध्ये आणि बेंचच्या पायांतून जमिनीत जातो. या जोराला बेंच पुरून उरला नाही, तर तो सरकतो किंवा कलंडतो.

सोपा हिशेब करून पाहू. समजा बेंच ८५ सेंटिमीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० किलो वजनाचा आहे. वरच्या कडेला रुंदीच्या दिशेने ढकलले, तर तो कलंडू लागण्यासाठी लागणारा जोर म्हणजे वजन गुणिले निम्मी रुंदी, भागिले उंची. ६० गुणिले ३० भागिले ८५, म्हणजे साधारण २१ किलो. रंधा मारताना किंवा अडकलेला बोल्ट पान्याने सोडवताना एवढा जोर सहज लागतो. हाच बेंच २०० किलोचा असेल, तर तो कलंडवायला सुमारे ७० किलोचा जोर लागेल.

सरकण्याचेही तसेच. लाकडी किंवा लोखंडी पाय आणि कोबा यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.४ धरला, तर ६० किलोचा बेंच २४ किलोच्या जोराला सरकेल आणि २०० किलोचा बेंच ८० किलोच्या. म्हणूनच जुने कारागीर बेंच जाड फळीचे आणि भरभक्कम करतात. इथे वजन हाच बेंचचा नांगर असतो.

चाके लावल्यावर नेमके काय बिघडते?

तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, घर्षण. सरकताना लागणारा विरोध वजनाच्या ४० टक्के असेल, तर चांगली चाके गुळगुळीत फरशीवर फिरताना तो साधारण दोन-तीन टक्क्यांवर येतो. २०० किलोचा बेंच चार-सहा किलोच्या जोराने चालू लागतो. हलवताना हे वरदान आहे आणि रंधा मारताना हाच शाप. गाळ्याच्या शटरकडे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार असतो. पन्नास फुटांना एक फूट एवढा उतार असला, तरी सामानासकट ३०० किलोच्या बेंचला सहा किलोची ओढ लागते. चाकांचा विरोधही तेवढाच असल्यामुळे ब्रेक लावायला विसरलेला बेंच आपणहून दाराकडे निघू शकतो.

दुसरी गोष्ट, आधाराची रुंदी. चाके पायांच्या खाली न लावता जागा मिळेल तिथे आतल्या बाजूला लावली जातात. दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर आत घेतली, तर ६० सेंटिमीटर रुंद बेंचचा आधार ४० सेंटिमीटर उरतो. मघाच्याच हिशेबाने २०० किलोचा बेंच कलंडवायला आता ७० नव्हे, ४७ किलो पुरतात.

तिसरी गोष्ट, डुगडुग. फिरत्या चाकाला वर बेअरिंग असते आणि चाकाचा मध्य त्या बेअरिंगच्या बरोबर खाली नसून थोडा बाजूला असतो. म्हणून तर ढकलाल त्या दिशेला चाक वळते. साधा ब्रेक फक्त चाक थांबवतो, वरचे बेअरिंग मोकळेच राहते. मग ब्रेक लावूनही बेंच इंच-सव्वा इंच इकडे-तिकडे झुलतो. चाक आणि बेअरिंग दोन्ही एकाच वेळी जखडणारा ब्रेक मिळतो, त्याला बाजारात 'टोटल लॉक' म्हणतात. त्याने झुलणे बरेच कमी होते. पण चाकाचा रबर, आस आणि बेअरिंग यांच्यातील सूक्ष्म ढिलाई उरतेच. हातोडीचे ठोके, पटाशीचे काम किंवा बेंच ग्राइंडर यांना ती चालत नाही.

थोडक्यात, काम करताना वजन चाकांवर नको, पायांवर हवे. पुढचे बहुतेक उपाय याच एका तत्त्वावर उभे आहेत.

हा प्रश्न आजचाच आहे का?

मुळीच नाही. आपल्याकडचा पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आला. त्याचा बेंच म्हणजे जमीनच. न हलणारी आणि सगळीकडे मिळणारी. युरोपात उभ्याने काम करण्याची पद्धत होती, म्हणून तिथे जड बेंच तयार झाले. फ्रान्सचे आंद्रे-जाकोब रुबो यांनी अठराव्या शतकात सुतारकामावरच्या आपल्या ग्रंथात वर्णन केलेला अतिजाड फळीचा बेंच आजही जगभरचे हौशी कारागीर बनवतात. तो जागचा हलवायचा नसतो, हेच त्याचे बलस्थान.

उलट टोकाचा विचार केला रॉन हिकमन यांनी. लोटस एलान या मोटारीचे डिझाइन करणाऱ्या हिकमन यांनी घडीचा, हलका, व्हाइससारखी फळी असलेला 'वर्कमेट' हा बेंच शोधला. १९७० च्या दशकात ब्लॅक अँड डेकरने तो बाजारात आणला आणि तो प्रचंड खपला. हलक्या बेंचला स्थिर ठेवण्याची त्यांची युक्ती साधी होती. खालच्या पायरीवर एक पाय ठेवून काम करायचे, म्हणजे माणसाचे वजनच बेंचला दाबून धरते. जड बेंचला मात्र वेगळे उपाय लागतात.

उपाय १ : स्क्रूचे पाय, सर्वांत स्वस्त आणि भक्कम

चाके कायमची लावायची आणि प्रत्येक पायाजवळ एक जाड बोल्ट उभा बसवायचा. पायाच्या खालच्या टोकाला नट वेल्ड केलेला असतो, त्यातून बोल्ट खाली उतरतो. बोल्टच्या टोकाला जाड चकती किंवा रबरी पॅड असते. काम करायचे असेल तेव्हा बोल्ट फिरवून खाली घ्यायचे. बेंच उचलला जातो आणि चाके अधांतरी होतात.

एम १६ या बोल्टच्या आट्यांमधील अंतर २ मिलिमीटर असते. म्हणजे एका फेऱ्यात बेंच २ मिलिमीटर उचलला जातो. पॅड जमिनीला टेकल्यानंतर दोन-तीन फेरे पुरतात. वर चेकनट आवळला की कंपनांनी बोल्ट ढिला होत नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे फरशी उंच-सखल असली तरी चारही पाय वेगवेगळे खाली-वर करून पाणसळीने बेंच समपातळीत आणता येतो. तोटा एकच, वेळ. चार बोल्ट खाली घ्यायचे आणि परत वर. दिवसातून एकदाच बेंच हलवणाऱ्याला हे चालते, तासाला हलवणाऱ्याला नाही. हीच कल्पना तयार स्वरूपातही मिळते. चाकाच्या शेजारीच बोटाने फिरवायची चकती आणि खाली उतरणारे पॅड असते. तिला 'लेव्हलिंग कॅस्टर' म्हणतात.

उपाय २ : पायाने दाबायची चाके

यात उलट रचना असते. बेंच नेहमी स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि चाके बाजूला वर उचललेली असतात. हलवायचे असेल तेव्हा पेडल पायाने दाबायचे. चाक खाली येते, बेंच थोडा उचलला जातो आणि पेडल ठरावीक बिंदू ओलांडून अडकते. परत सोडले की बेंच पायांवर बसतो. दोन-चार सेकंदांचे काम.

ही चाके वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात. बेंच जमिनीपासून किती उचलला जातो? बहुतेक चाकांत ही उंची एक-दोन सेंटिमीटरच असते. फरशीचे सांधे वर-खाली असतील, तर पाय मध्येच अडकतो. दुसरे म्हणजे क्रम. एकच कोपरा उचलला की फ्रेमला पीळ बसतो. म्हणून आधी एका टोकाची दोन्ही चाके खाली घ्यावीत, मग दुसऱ्या टोकाची. उतरवतानाही तसेच. बेंच फार जड असेल, तर पेडलवर उभे राहूनही ते दबत नाही. अशा वेळी बेंचच्या कडेखाली पहार घालून टोक उचलावे आणि मग पेडल दाबावे.

उपाय ३ : बिजागरीची फळी

लाकडी बेंच असणाऱ्यांसाठी हा घरगुती उपाय आहे. बेंचच्या दोन्ही टोकांना, पायांमधल्या खालच्या आडव्या पट्टीला बिजागऱ्यांनी एक जाड फळी जोडायची आणि फळीच्या खाली दोन चाके लावायची. बेंचचे टोक उचलले की फळी खाली झुकते आणि चाके जमिनीला टेकतात. फळी परत वर जाऊ नये म्हणून मध्ये एक ठोकळा अडकवायचा. ठोकळा काढला की फळी दुमडते आणि बेंच पायांवर उतरतो.

खर्च फक्त बिजागऱ्या आणि चाकांचा. पण एक धोका आहे. ठोकळा निघताच बेंचचे ते टोक एकदम खाली येते. ठोकळ्याला दोरी बांधून ती बाजूला उभे राहून ओढावी. पाय बेंचखाली नसावा. आणि ज्या बिजागरीवर एवढे वजन येणार, ती कपाटाची नको, दरवाजाची जाड बिजागरी हवी आणि ती बोल्टने बसवलेली हवी.

उपाय ४ : हातगाडीची युक्ती

चार नव्हे, फक्त एका टोकाला दोन न वळणारी चाके. ती अशा उंचीवर लावायची की बेंच सरळ उभा असताना चाक जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील. दुसरे टोक उचलले की बेंच किंचित कलतो, चाके जमिनीला लागतात आणि हातगाडीसारखा बेंच ओढता येतो. खाली ठेवला की चारही पाय जमिनीवर. ना ब्रेक, ना पेडल, ना डुगडुग.

मर्यादा वजनाची. दुसरे टोक उचलायला साधारण निम्मे वजन पेलावे लागते. ८० किलोच्या बेंचसाठी ४० किलो, म्हणजे दोघांना २०-२० किलो. २०० किलोच्या बेंचसाठी हा उपाय नाही. उचलायच्या टोकाला लांब दांडे लावले तर जोर कमी लागतो, पण दांडे जागा अडवतात. त्यामुळे ते काढता येतील असे ठेवावेत.

उपाय ५ : बेंचला चाकेच लावू नका

ज्यांच्याकडे तीन-चार बेंच आहेत, त्यांच्यासाठी हा उपाय सर्वांत शहाणपणाचा ठरू शकतो. गोदामात वापरतात ती हाताने पंप मारायची पॅलेट ट्रॉली खाली असताना साधारण ८५ मिलिमीटर उंच असते आणि २०० मिलिमीटरपर्यंत उचलते. बेंचच्या खालच्या आडव्या पट्ट्या जमिनीपासून १०० मिलिमीटरच्या वर ठेवल्या, तर ट्रॉलीच्या जिभा खाली सरकवून अख्खा बेंच उचलता येतो. पंपाने उचलायचे असल्यामुळे टनभर वजनही एकटा माणूस हलवतो. एक ट्रॉली, सगळे बेंच. आणि प्रत्येक बेंच कायम स्वतःच्या जाड पायांवर.

पट्ट्यांची उंची मात्र बेंच बनवतानाच ठरवावी लागते. जिभांवर बेंच टेकेल त्या ठिकाणी दोन मजबूत आडवे चॅनल असावेत. बेंचचा जड भाग जिभांच्या मध्ये आला पाहिजे. एका टोकाला मोठा व्हाइस असेल, तर ट्रॉली त्या बाजूला थोडी सरकवून लावावी.

वर्षातून एखाद-दोन वेळाच बेंच हलवायचा असेल, तर एवढीही गरज नाही. एक मीटर लांब पहार, टेकूला लाकडाचा ठोकळा आणि तीन सारख्या जाडीचे पाइप पुरतात. टेकू भारापासून १० सेंटिमीटरवर ठेवला, तर हाताकडची बाजू ९० सेंटिमीटर राहते आणि जोर नऊपट होतो. २०० किलोच्या बेंचचे एक टोक, म्हणजे १०० किलो, उचलायला ११-१२ किलोचा दाब पुरतो. बेंचला खाली लांब आडवी पट्टी किंवा फळी असेल, तर पाइपवरून तो घरंगळत नेता येतो. मागे निघालेला पाइप उचलून पुढे टाकत जायचा.

उपाय ६ : स्थिरता वजनातून नव्हे, भिंतीतून घ्या

बेंच जडच असला पाहिजे, असा काही नियम नाही. तो जमिनीला किंवा भिंतीला घट्ट जोडलेला असला, तरी काम तेच होते. कोब्यात अँकर फास्टनर बसवून घ्यायचे आणि बेंचच्या पायाला भोक असलेली पट्टी वेल्ड करायची. काम करताना बोल्ट आवळायचा, हलवताना काढायचा. बोल्ट काढल्यावर अँकरचे तोंड फरशीच्या पातळीत राहील असाच प्रकार निवडावा, नाहीतर त्यालाच ठेच लागते. भोकात कचरा जाऊ नये म्हणून बूच लावावे. भाड्याच्या गाळ्यात फरशीला भोके पाडण्याआधी मालकाला विचारलेले बरे.

वजन सुटे ठेवणे हाही पर्याय आहे. हलक्या फ्रेमच्या तळाशी फळी टाकून त्यावर वाळूच्या गोण्या, लोखंडी तुकडे किंवा हत्यारांच्या पेट्या ठेवायच्या. बेंच हलवताना त्या काढायच्या. वजन तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि हलवताना धक्का बसला तरी बेंच सहज कलंडत नाही.

चाके निवडताना काय पाहायचे?

भार : चार चाके आहेत म्हणून एकूण वजनाला चारने भागू नका, तीनने भागा. तिपाई कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही. चौपाई मात्र उंच-सखल जमिनीवर तीनच पायांवर उभी राहते. चाकांचेही तसेच. फरशीच्या खड्ड्यावर आलेले चाक अधांतरी होते आणि भार उरलेल्या तिघांवर पडतो. २०० किलोचा बेंच आणि १०० किलोचे सामान असेल, तर प्रत्येक चाक किमान १०० किलोचे हवे. धक्क्यांचा विचार करून १५० किलोचे घेतले तर उत्तम.

व्यास : लहान चाक स्वस्त असते, पण फरशीच्या सांध्यावर अडते. चाकावर ५० किलो भार आहे आणि ५ मिलिमीटरची कड ओलांडायची आहे, असे समजा. ५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला त्यासाठी सुमारे ३७ किलोचा आडवा जोर लागतो, १२५ मिलिमीटरच्या चाकाला सुमारे २१ किलोचा. शहाबादी फरशी किंवा उखडलेला कोबा असेल, तर १०० मिलिमीटरपेक्षा लहान चाक घेऊ नये.

मटेरियल : नायलॉनचे चाक कडक असते, हलके फिरते, पण आवाज करते आणि टाइल्सच्या कडा उडवू शकते. रबराचे शांत असते, पण त्यात लोखंडाचा कीस रुततो आणि एकाच जागी महिनोन्महिने भार राहिला की ते एका बाजूने चपटे होते. पॉलियुरेथेन, म्हणजे बाजारातले 'पीयू', हा दोघांमधला मध्यम मार्ग आहे आणि बहुतेक बेंचना तोच योग्य ठरतो. बिडाचे चाक प्रचंड भार घेते, वेल्डिंगच्या ठिणग्यांना जुमानत नाही, पण टाइल्सच्या घरगुती शेडमध्ये ते नको.

फिरते की सरळ : अरुंद जागेत चारही चाके फिरती हवीत, म्हणजे बेंच आडवाही सरकवता येतो. लांब सरळ न्यायचा असेल, तर दोन सरळ आणि दोन फिरती. चारही फिरती असलेला जड बेंच लांब अंतरावर भरकटतो.

बसवताना होणाऱ्या चुका कोणत्या?

उंची विसरणे ही सर्वांत सामान्य चूक. १२५ मिलिमीटरच्या चाकाची बसवल्यानंतरची उंची त्याहून तीन-चार सेंटिमीटर जास्त असते. ८५ सेंटिमीटरचा बेंच एकदम एक मीटरचा होतो. फिटिंगच्या कामासाठी व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला असावेत, रंधा मारायचा बेंच त्याहून बराच खाली, मनगटाच्या आसपास. म्हणून चाकांची उंची आधी मोजून मगच पाय कापावेत. चाके बाजूला लावण्याच्या प्रकारात हा प्रश्न येत नाही.

लाकडी पायाला चाकाची प्लेट फक्त स्क्रूने लावणे ही दुसरी चूक. बेंच आडवा ढकलला की स्क्रू उपटले जातात. आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि न सुटणारा नट हवा. लोखंडी फ्रेममध्ये पायाच्या तळाशी किमान ६ मिलिमीटर जाडीची प्लेट वेल्ड करून तिला चाक बोल्टने लावावे. चाकच थेट वेल्ड करू नये. उष्णतेने बेअरिंगचे ग्रीस जळते आणि जस्ताचा मुलामा असलेल्या प्लेटमधून निघणारा धूर श्वासात गेल्यास ताप, मळमळ असा त्रास होतो. शिवाय चाक खराब झाले तर बदलता येत नाही.

तिसरी चूक म्हणजे ढिल्या फ्रेमचा दोष चाकांना देणे. पायांना तिरके आधार नसतील, तर बेंच चाकांशिवायही डुलतो. आधी फ्रेम कडक करावी, मग चाकांचा विचार करावा.

हलवताना कोणती काळजी घ्यावी?

• आधी प्लग काढा. बेंचवर ग्राइंडर किंवा ड्रिल मशीन असेल, तर वायर गुंडाळून वर ठेवा. चाकाखाली आलेली वायर आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही.

• वरचे सुटे सामान खाली घ्या. ऐरण, मोठा जॉब, गॅस सिलिंडर यांपैकी काहीही वर ठेवून बेंच हलवू नका.

• ओढू नका, ढकला. ओढताना बेंच आपल्याच पायावर येतो. ढकलताना तो आपल्यापासून दूर जातो. उतार असेल, तर खालच्या बाजूला कुणीही उभे राहू नये.

• लांबीच्या दिशेने ढकला. रुंदीच्या दिशेने आधार कमी असतो. चाक खड्ड्यात अडकले की बेंच तिकडेच कलंडतो.

• जोर वरच्या कडेला लावू नका, शक्य तितका खाली लावा. त्यासाठी एक आडवा पाइप हँडल म्हणून वेल्ड करून घ्यावा.

• बेंच कलंडू लागला तर धरायला जाऊ नका, बाजूला व्हा. २०० किलो हाताने थांबत नाहीत.

कोणासाठी कोणता उपाय?

रोज सकाळ-संध्याकाळ बेंच बाहेर-आत करावा लागत असेल, तर पायाने दाबायची चाके. आठवड्यातून एकदा हलवणाऱ्याला आणि अचूक समपातळी हवी असणाऱ्याला स्क्रूचे पाय. ८०-१०० किलोच्या आतला घरगुती बेंच असेल, तर हातगाडीची युक्ती किंवा बिजागरीची फळी. अनेक बेंच असलेल्या कारखान्यात पॅलेट ट्रॉली. फक्त जुळवाजुळवीचे, पॅकिंगचे किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे काम असेल आणि ठोकाठोकी नसेल, तर टोटल लॉकची चार चाके थेट लावली तरी चालतात.

बेंच ग्राइंडर आणि मोठा व्हाइस असलेला बेंच कोणत्याही परिस्थितीत ब्रेक लावलेल्या चाकांवर ठेवून वापरू नये. तो पायांवरच हवा.

बेंच स्थिर झाला, हे ओळखायचे कसे?

काम संपल्यावर चार सोप्या चाचण्या करून पाहाव्यात. प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. ती सहज सरकली तर तो पाय टेकलेला नाही, त्याखाली पाचर द्या किंवा बोल्ट उतरवा. बेंचवर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवून व्हाइसजवळ हातोडीचा एक ठोका मारा. पाणी बराच वेळ हिंदकळत राहिले तर कुठेतरी ढिलाई आहे. व्हाइसमध्ये लोखंडी तुकडा पकडून नेहमीच्या जोराने मिनिटभर कानस मारा. त्याआधी पायांभोवती खडूने खूण केली असेल, तर बेंच सरकला की नाही ते लगेच दिसते. शेवटी सामान उतरवून, एकट्याने बेंच दहा फूट ढकलून परत जागेवर आणा. यातले काही एकट्याला जमत नसेल, तर चाके लहान आहेत किंवा वजन जास्त आहे. ते बदल पावसाळ्याआधीच करून घ्यावेत, कारण शटरखालून पाणी आत आले की बेंच तातडीने हलवावा लागतो आणि तेव्हा चार माणसे हाताशी असतीलच असे नाही.